सतरा नंबरचा बिल्ला

सोमवार, ३ फेब्रुवारी

चालू राहिला! अख्खी रात्र आणि वर अख्खा दिवस!

सूनबाई दवाखान्यातली ड्युटी संपवून आली. नर्सचे कपडेही बदलले नव्हते. मागच्या खोलीत काहीतरी आणायला गेली आणि तिथूनच हाक— "बाबा, हा प्रोजेक्टर कोणी चालू ठेवला?" जाऊन बघतो तर पडदा निळा, फळीवरचा तो डबा घूं घूं करतोय, आणि खोली भट्टीसारखी तापलेली.

काल रविवार. सगळ्यांनी बसून सिनेमा पाहिला. बंद करायचं काम माझं. कोणी लादलेलं नाही, मीच मागून घेतलंय. आधी रिमोटचं बटण. दिवा विझतो, पण आतला पंखा दोन मिनिटं फिरत राहतो. तो दिवा निववतो. पंखा थांबला की मगच भिंतीवरचा खटका. मला आठवतंय की केलं. पंख्याची वाट बघत उभा होतो हेही आठवतंय. पण असं तर रोजच उभा असतो! त्यातलं कालचं कुठलं आणि परवाचं कुठलं?

आज आमच्या नातीची, भिंगरीची, उद्याच्या चाचणीची तयारी होती, म्हणून त्या खोलीत कोणी फिरकलंच नाही. नाहीतर ती चारला कार्टून लावते, तेव्हाच कळलं असतं.

मुलगा सातला ऑफिसातून आला. सूनबाईने सांगितलं. "जाऊ दे गं," म्हणाला. "वय झालं त्यांचं."

माझ्याच बाजूने बोलला. तरी लागलं.

आजपासून वहीत लिहायचं ठरवलं. कारखान्यात बॉयलरवर होतो तेव्हा दर तासाला वाफेचा काटा वहीत चढवायचो. सातवीपर्यंतच शिकलो, पण ती वही कधी चुकली नाही. तसंच हे.

गॅस बंद. न्हाणीघराचा नळ बंद. प्रोजेक्टर बंद.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

गॅस बंद. नळ बंद. प्रोजेक्टर बंद— पाच वाजून दहा मिनिटं. दोनदा उठून बघून आलो. तिसऱ्यांदा उठलो तर भिंगरी म्हणाली, "आजोबा, तो पळून नाही जाणार!"

नातवंडं खरं बोलतात, पण आपली झोप काही त्याने परत येत नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

आज ट्रंकेतून बिल्ला काढला. पितळी, रुपयाच्या दोन नाण्यांएवढा, वर भोक, मधे १७. निवृत्त झालो त्या दिवशी परत द्यायचा होता. दिला नाही. कोणी मागितलाही नाही.

बॉयलरवर नियम होता. व्हॉल्व्ह बंद केला की त्याच्या चाकाला आपला बिल्ला लटकवायचा. बिल्ला आहे तोवर त्या चाकाला दुसऱ्याने बोट लावायचं नाही— मग मालक आला तरी! ज्याने लावला त्यानेच काढायचा. कारण पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हात असतो.

मुलगा लहानपणी माझा डबा घेऊन गेटवर यायचा. त्याला या बिल्ल्याचं भारी वेड. एकदा हट्टच धरला. आमचा फोरमन हसला आणि म्हणाला, "तुझा नंबर अठरा. मोठा हो, मग देतो." पुढे वर्षभर पोरगा घरात प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचे अठरा नंबर लावत फिरायचा. माठाला, दाराला, आईच्या पोळपाटाला. ही असती तर अजून त्यावरून हसली असती.

तर आता हा बिल्ला दोऱ्याने प्रोजेक्टरच्या खटक्याला बांधणार. बंद केला की लटकवायचा. लटकलेला दिसला म्हणजे बंद आहे. डोक्यावर भार नको.

मुलाने रात्रीच्या जेवणाआधी पाहिला. हातात घेऊन उलटापालटा केला आणि जागेवर ठेवून जेवायला बसला. हल्ली तो कमीच बोलतो.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अक्षर बघा कसं आलंय.

रोजच्यासारखं साडेदहाला भिंगरीला शाळेत सोडलं, शिंप्याच्या दुकानात बसलो, पेपर वाचला, दोनला घरी आलो. सहज मागच्या खोलीत डोकावलो. खटका बंद. बिल्ला जागेवर. बरं वाटलं. मग जुन्या सवयीने डब्यावर तळवा टेकवला.

गरम! चटका बसेल असा!

खटका बंद, बिल्ला लावलेला, आणि डबा गरम. म्हणजे आत्ता पाच-दहा मिनिटांपूर्वी कोणीतरी बंद केला. घरात मी एकटा. म्हणजे मीच लावला, मीच बंद केला, मीच बिल्लाही अडकवला— आणि मला काहीच आठवत नाही.

शिंप्याकडून निघालो ते आठवतं. वाटेत काळं कुत्रं आडवं आलं ते आठवतं. कुलूप काढलं ते आठवतं. त्यानंतर? ओट्यावर पाण्याचं भांडं ओलं होतं. मी पाणी प्यायलो का? तहान तर अजून आहे.

सूनबाईला सांगितलं नाही. वहीला सांगितलं, पुष्कळ झालं.


शनिवार, ८ फेब्रुवारी

शिंप्याला आडून विचारलं, तुम्हाला विसरायला होतं का? "अहो, परवा मापं घेतली आणि गिऱ्हाईक कोण तेच विसरलो! शर्ट तयार आहे, अंगच सापडत नाही. विसरण्यात तुमचा सतरावा नंबर असेल, माझा पहिला आहे."

हसलो. पण त्याचं अंग सापडेल कधीतरी. माझी मधली दहा मिनिटं कुठे शोधायची?


मंगळवार, ११ फेब्रुवारी

दिवा फुटला.

भिंगरी चारला कार्टून बघत होती. मी शेजारीच खुर्चीत. फट्ट! असा आवाज आणि सगळा काळोख. पोर किंचाळून माझ्या अंगावर आली. जळका वास. मी आधी खटका बंद केला, मग खोलीतला दिवा लावला, मग तिला तपासलं. काही लागलं नाही. काच आतल्या आतच फुटली होती.

सूनबाई आल्यावर पोरीने सगळं रंगवून सांगितलं. "बॉम्ब फुटला आई! आजोबा पांढरे झाले!"

सूनबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. रात्री जेवताना खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "बाबा, परवा रात्रभर चालू राहिला. आज फुटला. उद्या गॅसचं असं झालं तर? पोर तुमच्याजवळ एकटी असते." मग म्हणाली, दवाखान्याजवळ पाळणाघर आहे. शाळेची गाडी थेट तिथे सोडते. येत्या तीन मार्चपासून घालू या.

मी मुलाकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता.

साडेतीन ते सहा. दिवसातला तेवढाच वेळ मला कोणीतरी हाक मारतं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

गॅस बंद. नळ बंद. प्रोजेक्टर मेलेला.


शनिवार, १५ फेब्रुवारी

वायरमन आला. मुलगा घरी नव्हता, ऑफिसचं जादा काम म्हणून सकाळीच गेला. सूनबाई होती.

वायरमन बडबड्या, मिशीवाला, पन्नाशीचा. नवा दिवा बसवला. जुना हातात धरून उजेडात फिरवला. "आजोबा, हा काही म्हातारपणाने गेला नाही. दिवा तापलेला असताना कोणीतरी भिंतीवरचा खटका मारतंय. पंखा फिरू देत नाही. एकदा नाही, बरेचदा."

मग त्याने एक प्लग काढला. खटका आणि प्रोजेक्टर यांच्या मधे बसतो, फोनशी बोलतो. म्हणाला, "आता विसरायची चिंताच नाही. सहाचा टाइम लावतो. सहा वाजले की वीज तोडणार, खल्लास!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि सहाला दिवा तापलेला असला तर? घड्याळाला काय कळतं गरम आणि गार? वाफ घड्याळ बघून उतरवत नाहीत, काटा बघून उतरवतात."

"आता प्लगला काटा कुठून आणू?"

"वीज किती ओढतो ते कळत नाही का त्याला?"

वायरमन थांबला. मिशी खाजवली. "कळतं की!" मग दोघं फोन घेऊन बसलो. चालू असताना प्रोजेक्टर भरपूर वीज ओढतो. नुसता पंखा फिरत असला की थोडी. पंखा थांबला की जवळपास शून्य. त्याने असं बसवलं, की शून्य होऊन पाच मिनिटं गेली की मगच प्लग तोडणार. आणि बटण दाबायलाच विसरलो तर? तर प्रोजेक्टरमधेच सोय निघाली— वीस मिनिटं चित्र आलं नाही तर आपणहून झोपतो. घेतला तेव्हापासून ती सोय तिथेच होती, कोणी लावलीच नव्हती!

"आजोबा, या माझ्याकडे कामाला."

"पगार?"

"दोन वेळा चहा."

"कारखान्यात तीन वेळा मिळायचा!"

सूनबाई बऱ्याच दिवसांनी हसली. मला वाटलं आता पाळणाघराचं बोलणं निघणार नाही. जाताना वायरमन म्हणाला, "डोकं शाबूत आहे हो तुमच्या सासऱ्यांचं." ती म्हणाली, "जुनं सगळं लख्ख आठवतं त्यांना. आजचंच राहत नाही."


रविवार, १६ फेब्रुवारी

सारखं तेच डोक्यात. तापलेल्या दिव्याचा खटका मारतंय कोणीतरी.

चौतीस वर्षं मी गरम वस्तू एकदम बंद केलेली नाही. दुधाचं पातेलंसुद्धा नाही. डोकं विसरेल एक वेळ. हात कसे विसरतील?

मग कोण?


गुरुवार, २० फेब्रुवारी

सूनबाईने आज फोन पुढे केला. मुलगा यायचा होता. "बाबा, त्या प्लगची नोंद असते हे मला आत्ता कळलं. बघा. सोमवार, सव्वाअकरा ते दोन. मंगळवार, तेच. काल, आज, तेच. सकाळी तुम्ही शिंप्याकडे असता ना?"

"असतो."

"रोज?"

"रोज."

"तुमच्या मुलाला अजून सांगितलं नाही मी. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं." आवाज अगदी मऊ. पेशंटशी बोलतात तसा.

पुढच्या-मागच्या दारांच्या चाव्यांचे जुडगे तीनच. एक तिच्याकडे, ती दवाखान्यात. एक मुलाकडे, तो ऑफिसात. एक माझ्याकडे.

उद्या बघतो.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शिंप्याला म्हटलं पोट ठीक नाही. बाराला घरी आलो. चप्पल बाहेर काढली, कुलूप आवाज न करता उघडलं. मागच्या खोलीतून घूं घूं.

दार बोटभर उघडं होतं.

मुलगा होता. माझा मुलगा. खुर्चीत, ऑफिसचे कपडे, पायात बूट, गळ्यात ते ओळखपत्र. मांडीवर डबा उघडलेला, सकाळी बायकोने भरून दिलेला. पडद्यावर कुठलातरी समुद्र, आवाज बंद. लाटांचा उजेड त्याच्या तोंडावर वरखाली होत होता. तो समुद्र बघत नव्हता. एकेक घास सावकाश चावत होता. जेवण लवकर संपलं तर पुढे काय करायचं, असा.

नोकरी गेली असणार. कधीपासून, देव जाणे. महिना तर झालाच. सकाळी डबा घेऊन निघतो, मी बाहेर पडलो की मागल्या दाराने येतो. दोनला माझं कुलूप वाजलं की घाईने खटका मारून मागल्या दारानेच जातो. त्या पहिल्या सोमवारी खटकाही राहून गेला असेल. सातपर्यंत कुठे फिरतो? बूट बघितले. टाचा झिजल्यात.

म्हणजे मी विसरत नाही! माझं डोकं ठिकाणावर आहे! असं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग दाराआडून त्याची पाठ दिसली.

आलो तसा मागे फिरलो. दोनपर्यंत फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मग उठलो आणि उगाच मोठ्याने खोकलो. दोनदा. कुलपाशी पुष्कळ वेळ खाटखूट केली.

आत गेलो तर खोली रिकामी. बिल्ला जागेवर. या वेळी पंखा फिरत होता; घाईचा खटका मारला नव्हता.


सोमवार, २४ फेब्रुवारी

आज सगळे जेवायला बसलो असताना सूनबाईने विषय काढला. फोन ताटाजवळ ठेवला. "आज पुन्हा सव्वाअकरा. बाबा, खरं सांगा. घरात कोण असतं त्या वेळी?"

मुलाचा घास हातातच राहिला. प्लग असं काही लिहून ठेवतो हे त्याला आत्ता कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काच फोडून आल्यावर बघायचा तसं नाही. त्याहून वाईट.

"मी असतो," मी म्हणालो. "शिंप्याकडून मधेच येतो. बघत बसतो."

"मग गुरुवारी रोज शिंप्याकडे असतो असं का म्हणालात?"

"विसरलो."

भिंगरी म्हणाली, "आजोबा एकटेच कार्टून बघतात? मला सोडून?"

सूनबाईने फोन उचलला. रागावली नाही. "ठीक आहे बाबा. डॉक्टरांना दाखवू एकदा. आमच्याकडे चांगले आहेत." आणि माझ्या ताटात भात वाढला. मी मागितला नव्हता.

मुलगा भात कालवत राहिला. मी त्याला दोष देत नाही. तोंड उघडायला किती जड असतं ते मला माहीत आहे.


बुधवार, २६ फेब्रुवारी

दोनला खोकलो.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पाळणाघराची पिशवी आली. निळी, वर ससा. भिंगरीने त्यात माझा चष्मा भरून बघितला, मावतो का म्हणून. "आजोबा, तूही चल ना तिकडे. तुलापण सांभाळतील."

आज लिहायचं नव्हतं ते लिहितो. पन्नाशीही गाठली नव्हती मी तेव्हा. दुरुस्ती होती. मी एक व्हॉल्व्ह बंद केला आणि बिल्ला लटकवला शेजारच्यावर. दोन रात्री सलग जागा होतो, पण ते काही कारण नाही. फिटरने सतरा नंबर बघून पाइप सोडला. वाफ. कोपरापर्यंत हात भाजून निघाला त्याचा.

चौकशीत फोरमन उभा राहिला. म्हणाला, "कुठे लावायचा ते मी सांगितलं होतं. चूक माझी." त्याला बॉयलरवरून काढून गोदामात बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच पोती मोजत होता. मी खाली मान घालून उभा. घरी पोरगं लहान आहे, असं मनाशी म्हणत होतो.

त्याच पोराने त्या दिवशी घरी विचारलं होतं— "कोणाची चूक झाली, बाबा?"

मी म्हणालो, फोरमनची.


शनिवार, १ मार्च

संध्याकाळी मुलगा मागल्या पायरीवर बसला होता. मी बिल्ला काढून घेतला, फडकं घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून पुसत राहिलो. गुडघे कुरकुरले.

मग म्हटलं, "आमचा फोरमन आठवतो तुला?"

"अठरा नंबर देणारा? आठवतो की."

"त्या फिटरचा हात भाजला, ती त्याची चूक नव्हती. बिल्ला माझा होता. मी चुकीच्या चाकाला लावला. तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी बोलू दिलं. गोदामात भेटायला एकदाही गेलो नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हे आत्ता का सांगताय?"

"विसरायच्या आधी सांगून टाकावं म्हटलं."

त्याने तोंड फिरवलं. पायरीवरची मुंगी बुटाच्या टोकाने बाजूला सारली, पुन्हा पुन्हा. मग उठला.

"तुम्ही काही विसरत नाही, बाबा," म्हणाला, आणि आत गेला.

बिल्ला परत खटक्याला अडकवला. गॅस बंद. नळ बंद. दमलो.


रविवार, २ मार्च

सकाळी खटक्यावर दोन बिल्ले. माझा पितळी, आणि त्याच्यावर एक पुठ्ठ्याचा. बुटांच्या खोक्यातून गोल कापलेला, भोक पाडून दोरा ओवलेला. शिसपेन्सिलीने १८.

सूनबाईचे डोळे सुजले होते; रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत बोलणं चालू होतं. चहाचा कप पुढे ठेवून एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या भिंगरीला शाळेतून तुम्हीच आणा." निळी पिशवी कपाटावर गेली होती.

पुठ्ठ्याला मी हात लावला नाही. ज्याने लावला त्यानेच काढायचा.